फ्यूज खिशात

खासनीस काका म्हणतात, मेन बंद करू नका,
वरती नातवाची ऑनलाइन परीक्षा चालू आहे,
दुसऱ्या मजल्यावर वर्तकबाईंचा श्वासाचा पंप,
आणि तुम्हाला काय, दोन मिनिटांचं तर काम.

मी जिन्याखाली वाकून बघतो.
सहकारनगर, इमारत चौऱ्याहत्तर सालची.
लाकडी फळीवर चिनीमातीचे बारा फ्यूज,
दोन तडकलेले, एक सुतळीने बांधलेला,
एकात फ्यूजच्या तारेऐवजी
कुणीतरी बसवलाय केसांचा आकडा.
तारांवरच्या कापडाला फुंकर घातली तरी भुगा पडतो.
दोन फेजच्या मधे पालीचं पिल्लू, वाळलेलं.
त्याचंही दोन मिनिटांचंच काम असणार.

गुरुवारी दिवसभर लाइट जाते,
तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही.
माझ्या दहा मिनिटांना मात्र
कमिटीची मीटिंग लागते.

मी शिकलो लालासाहेब कुदळ्यांच्या हाताखाली.
दांडेकर पुलाजवळ राहायचे, लुनाच्या हँडलला हत्यारांची पिशवी,
पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर. "रबर आहे की."
चालू लायनीवर काम करायचे
झोपलेल्या बाळाचं दुपटं बदलावं तसे.
बढाई नव्हती त्यात. गिऱ्हाईकच तसं मागायचं,
आणि बंद करा म्हणणाऱ्या मिस्त्रीला
पुढच्या वेळी कोण बोलावतं?

आधी उलटा हात लाव, म्हणायचे,
करंट बोटं मिटवतो.
तळवा लावलास तर धरून बसशील,
उलटा हात झटक्याने घरी येतो.
डावा खिशात ठेव. दोन्ही लावलेस
तर त्याची वाट छातीतून जाते.
टेस्टरवर विसंबू नको.
आतला दिवा गेला तर तो खोटं बोलत नाही,
नुसता गप्प बसतो,
आणि आपण त्याचा अर्थ लावतो, बंद आहे.

एवढं सगळं येणारा माणूस.

आणि त्या दिवशी तर त्यांनी बंद केलं होतं.
रविवार पेठेत, भांड्यांच्या दुकानात,
फ्यूज काढून खाली खोक्यावर ठेवला होता, नीट, पालथा.
नवीन लागलेला पोरगा, निवृत्ती नाव त्याचं,
अंधारात चाचपडत आला,
त्याला वाटलं निसटून पडलाय.
त्याने उचलला, पुसला, बसवला.
आत शिडीवर
मिस्त्रींच्या बोटांत दोन्ही तारा.

मी तपकीर गल्लीत टेप आणायला गेलो होतो.
परत आलो तर दुकान लखलखत होतं,
पातेली, कळश्या, पराती, सगळं पिवळंधमक.
मला बरं वाटलं.
म्हटलं, झालं काम.

साडेतीन रुपये उरले होते टेपचे.
ते कुणाला द्यायचे, हे मला अजून कळलेलं नाही.
निवृत्तीला मी कधी दोष दिला नाही.
तो पुढे दुकान सोडून गेला, कुठे कोण जाणे.

खासनीस काका, परीक्षा कितीला संपते?
सव्वाबाराला.
आणि पंप?
तो आणखी अर्धा तास.
ठीक आहे, मी बसतो पायरीवर.
ते घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे,
मग कुणीतरी चहा पाठवतं, बिनसाखरेचा.

पाऊण वाजता खटका ओढतो.
टेस्टर आधी मेनच्या वरच्या अंगाला, जिथे
बोर्डाचं सील आहे आणि करंट कधी झोपत नाही.
मग खाली.
मग पुन्हा वर, तो अजून बोलतोय ना, बघायला.
मग तिन्ही फ्यूज उपसतो,
खोक्यावर नाही,
पँटच्या खिशात.

गार असतात. जड असतात.
वाकलो की मांडीला रुततात.
चौथ्या मजल्यावरून बाई ओरडते,
अहो, आली का?
मी आधी खिसा चाचपतो,
एक, दोन, तीन,
मग म्हणतो, नाही.